परगावच्या माणसाने मुंबईत जेवावे कोठे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनात निवृत्त शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे ‘शिक्षण व संस्कार’ अथवा ‘विद्यार्थ्यांचे चारित्र्य’ असा काही विषय असावयाचा, अशी आपली अपेक्षा असणार. चिटणीसांनी आम्हांस तसेच सुचविले होते. आम्ही त्यांस आमचा विषय कळविला तेव्हा ते दूरध्वनीवर क्षणभर स्तब्ध राहिले आणि मग म्हणाले, ‘गुरुजी, थट्टा तर करीत नाही ना?’ थट्टा नाही. मुंबईत स्वस्त व चांगले जेवण कोठे आणि कसे शोधावे, याच विषयावर आज चार शब्द बोलण्याचा आमचा विचार आहे. आपण ते शांतपणे ऐकून घ्याल अशी आशा आहे.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन १९७८ साली आम्ही सातारा जिल्ह्यातून मुंबईस आलो आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस शिकविले. आहारशास्त्र आम्ही जाणत नाही, आणि स्वयंपाकात आमची गती चहापलीकडे नाही. परंतु या शहरात पहिली नऊ वर्षे आम्ही एकट्याने काढली. घरचे अन्न दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काय मिळेल तेवढेच. बाकीचे सर्व दिवस बाहेर जेवलो. अधिकार असलाच तर तो एवढाच आहे.

आता हा विषय आजच का काढला ते सांगतो. २०२३ सालच्या आरंभी आमच्या गावाकडील एक एकोणीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी मुंबईत आला. नात्यातलाच, परंतु लांबचा. आमचे घर ठाऊक असूनही तो आला नाही. म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास, असे त्यास वाटले. दोन रात्री त्याने रेल्वे स्थानकावर काढल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर हजर झाला. सोळाशे मीटर धावावयाचे होते. गावी हे अंतर तो रोज सहज धावत असे. येथे तिसऱ्या फेरीत त्यास भोवळ आली आणि तो खाली बसला. चाचणी गेली. त्याच्या सोबतच्या मुलाने आम्हांस कळविले तेव्हा तो रुग्णालयात होता.

आम्ही जाऊन त्याच्या उशाशी बसलो आणि शिक्षकाच्या सवयीप्रमाणे प्रश्न विचारला, ‘दोन दिवसांत खाल्लेस काय?’ त्याने सर्व प्रामाणिकपणे सांगितले. वडापाव सहा, विकतच्या पाण्याच्या बाटल्या चार, चहा सहा वेळा, आणि बिस्किटांचे दोन पुडे. आम्ही तेथेच औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. वडापावचे १२० रुपये, पाण्याचे ८०, चहाचे ६०, बिस्किटांचे २०. एकूण २८० रुपये. तो जेथे उतरला होता त्या स्थानकापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर त्या वेळी ९० रुपयांस राइस प्लेट मिळत होती, हे आम्हांस ठाऊक होते. तीन वेळचे पोटभर जेवण, भात, आमटी, दोन भाज्या आणि चपात्या, २७० रुपयांत झाले असते. वर दहा रुपये उरले असते. म्हणजे मुलगा गरिबीमुळे उपाशी राहिला नव्हता. जेवणाचे पैसे खर्चून उपाशी राहिला होता.

‘मग हॉटेलात का गेला नाहीस?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘गुरुजी, कुठल्या हॉटेलात जायचं तेच कळंना. काचंचं दार हुतं. आत गेल्यावर किती बिल लावत्यात कुणाला ठावं? दोनदा दारापर्यंत गेलो आन् परत आलो.’

बंधुभगिनींनो, या उत्तराने आम्हांस त्याचा राग आला नाही, कारण काचेच्या दाराची ती भीती आमच्याही ओळखीची आहे. १९७८ च्या जून महिन्यात, मुंबईत येऊन आठ दिवस झाले असता, आम्ही एका स्थानकासमोरील हॉटेलात शिरलो होतो. त्याचे नाव आता सांगण्यात अर्थ नाही. खिशात पाच रुपये होते. तेवढ्यात जेवण सहज होईल असा समज. वाढप्याने प्रश्न न विचारता पापड आणला, आम्ही खाल्ला. दह्याची वाटी आणली, ती संपविली. आमटी आणखी हवी का म्हणाला, आम्ही मान डोलावली. गावी पंगतीत आग्रह होतो तसाच हा आग्रह आहे, असे आम्हांस वाटले! बिल सहा रुपये चाळीस पैसे झाले. गल्ल्यावरच्या सद्गृहस्थांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि कोपऱ्यातील छत्रीकडे बोट दाखविले. वडिलांनी निघताना दिलेली ती नवी छत्री गहाण ठेवून आम्ही भर पावसात खोलीवर गेलो. दुसऱ्या दिवशी एक रुपया चाळीस पैसे देऊन ती सोडवून आणली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर आम्ही कोणत्याही हॉटेलची पायरी चढलो नाही. चणे-कुरमुरे आणि केळी यांवर दिवस काढले, आणि वर्गात फळ्यासमोर उभे राहिले असता पाय थरथरू लागले.

आम्हांस त्यातून बाहेर काढले ते शाळेच्या शिपायाने. वयाने वडील, शिक्षण चौथीपर्यंतचे. मधल्या सुट्टीत आम्ही चणे खात बसलेले पाहून ते म्हणाले, ‘मास्तर, हॉटेल बाहेरून बघायचं नसतं. आत कोण जेवतंय ते बघायचं. चला माझ्यासंगं.’ आणि ते आम्हांस लालबागेतील एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खाणावळीत घेऊन गेले. आमचे पुढील सर्व ज्ञान या एका वाक्याचा विस्तार आहे.

त्या खाणावळीविषयी थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. तिला पाटी नव्हती. दहा बाय बाराची खोली. दिवसा तेथे पंगत बसे आणि रात्री मावशींचे कुटुंब निजत असे. जेवणारे बहुतेक गिरणी कामगार, घाटावरचे आणि कोकणातले, बायकामुले गावी ठेवून आलेले. गिरण्यांच्या तीन पाळ्या असल्यामुळे खाणावळीच्याही तीन पाळ्या. भोंगा झाला की पहिली पंगत उठे आणि दुसरी बसे. चपात्या किती खाल्ल्या ते मावशी मोजत नसत, पण कोणी ताटात टाकले तर मात्र सर्वांदेखत बोलत. आमटी, भात, एक उसळ वा पालेभाजी, लोणच्याची फोड, रविवारी मटण. पैसे महिन्याचे, पगाराच्या दिवशी. चार दिवस गावी गेलो तर तेवढे खाडे वजा होत. हिशेब सर्व तोंडी. नऊ वर्षांत त्यात एका पैशाची चूक आम्हांस आढळली नाही. मावशींस अक्षरओळख नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. खाणावळीच्या मावशींचा संप कोणी पुकारला नव्हता, तथापि त्यांचे उत्पन्न त्याच दिवशी बंद झाले. कित्येक महिने त्यांनी उधारीवर जेवू घातले. प्रथम रविवारचे मटण गेले, मग पालेभाजी, मग आमटी पातळ होत गेली. परंतु ताट कोणाचे बंद झाले नाही. आम्ही पगारदार असल्याने आमचे पैसे नियमित जात आणि त्यातून दहा जणांची चपाती निघते, असे त्या एकदा सहज बोलून गेल्या. त्यांपैकी कित्येक कामगार गावी गेले ते परत आलेच नाहीत. उधारी बुडाली. मावशींनी अंगावरचे दागिने मोडले. आज त्या चाळीच्या जागी उंच इमारत उभी आहे आणि तळमजल्यावर मोटारी ठेवण्याची सोय आहे.

अशा खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया सावकाराकडून व वाण्याकडून भारी व्याजाने किराणा उचलीत. त्यांना एकत्र आणून बँकेची कर्जे मिळवून देण्याचे काम प्रेमा पुरव यांनी केले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. शहरास जेवू घालणारी ही स्त्री कधी कोणत्या पाटीवर आली नाही, म्हणून तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला.

त्या खाणावळी बहुधा गाववार असत आणि पुष्कळदा ज्ञातिवारही असत. आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना हे झाकून ठेवणे योग्य नव्हे. आपल्या माणसांत जेवावयास मिळाले की परक्या शहरात आधार वाटतो, हे खरेच; आम्हीही तो आधार घेतला आहे. परंतु ज्यांना कोणत्याच पंगतीत घेतले जात नसे, त्यांनी या शहरात जेवावे कोठे, हा प्रश्न त्या काळच्या पंगतींनी स्वतःस विचारला नाही. कित्येक उपाहारगृहांतून त्यांच्यासाठी पेले निराळे ठेवीत. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहाचा स्पष्ट उल्लेख करून तेथे जातीमुळे कोणास प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगितले, ते उगीच नव्हे. घटनाकारांना जेवणाच्या दाराचे महत्त्व पुरते ठाऊक होते.

इराण्याचे हॉटेल या बाबतीत पुढारलेले म्हटले पाहिजे. यज्द आणि केरमान या भागांतून आलेल्या या लोकांनी रस्त्याच्या कोपऱ्यांवर दुकाने थाटली; हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत म्हणून ती त्यांस स्वस्तात मिळाली, असे सांगतात. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. एका टेबलावर वकील, त्याच टेबलावर हमाल. पावमस्का व चहा घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचीत बसले तरी कोणी उठविले नाही. आमच्या निम्म्या उत्तरपत्रिका अशा टेबलांवर तपासल्या गेल्या आहेत. आता ही हॉटेले फार थोडी उरली. धोबीतलाव येथील कयानी हे १९०४ सालचे. तेथे आजही पाववाल्या न्याहारीस जावे. मात्र इराण्याकडे न्याहारी करावी, जेवणाचा भरवसा धरू नये, हे आमचे मत आहे. खिमापाव आवडणाऱ्यांनी आम्हांस क्षमा करावी.

तर आता शिपाईबोवांच्या वाक्याकडे वळू. आत कोण जेवते आहे ते पाहावयाचे, म्हणजे काय पाहावयाचे? जो एकदाच जेवून जाणार आहे, त्याच्या मतास फारशी किंमत देऊ नये. स्थानकासमोरच्या हॉटेलात नव्वद टक्के गिऱ्हाईक आज आले ते पुन्हा येणार नसते. मालकासही ते माहीत असते. जो रोज तेथेच जेवतो, त्याची तब्येत आणि त्याचा खिसा हे दोन्ही त्या हॉटेलचे परीक्षक असतात. टपालवाले, बँकांचे शिपाई, टॅक्सीचालक, कचेऱ्यांतील कारकून, छापखान्याचे कामगार हे लोक दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान जेथे घाईने शिरतात, तेथे बिनदिक्कत शिरावे. आमचा नातू भ्रमणध्वनीवर हॉटेलांस मिळालेले तारे दाखवितो. आम्ही त्यास विचारतो, हे तारे देणारा तेथे आठवड्यातून किती वेळा जेवतो? तेवढे मात्र त्या यंत्रात लिहिलेले नसते.

दुसरे असे की स्थानकाचा मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत चालत जावे. मुख्य रस्त्यावरच्या जागेचे भाडे शेवटी आपल्याच ताटातून वसूल होते. फोर्ट विभागात हे फार स्पष्ट दिसते. मोठ्या रस्त्यावर काचेची दारे. मागच्या गल्लीत तोच भात, तीच डाळ, निम्म्या दरात, आणि गर्दीमुळे अधिक ताजी. स्वस्त जेवण हे शिळे वा हलकेच असणार, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ज्या हॉटेलात एकाच खुर्चीवर दुपारी पाच माणसे बसून उठतात, तेथील अन्न शिळे होण्यास वेळच मिळत नाही. महागड्या ठिकाणी शंभर पदार्थांची यादी असते आणि जेवणारे वीस. आता वीस माणसांसाठी शंभर पदार्थ रोज ताजे कोण करील? ज्याची यादी फळ्यावर खडूने लिहिलेली आणि सात-आठ ओळींची असेल, त्याच्यावर आमचा विश्वास बसतो. कदाचित हा फळ्याखडूविषयीचा आमचा पक्षपात असेल.

माटुंगा स्थानकाजवळचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग या कसोट्यांस पुरेपूर उतरते. १९४२ साली स्थापन झालेले. तेथे थांबावे लागते, परक्या माणसांशेजारी बसावे लागते, आणि जेवण झाल्यावर गप्पा मारीत बसता येत नाही. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, भाज्या. आणि मुदपाकखाना गिऱ्हाइकास खुशाल पाहता येतो. ज्याचा मुदपाकखाना पाहता येतो त्याच्याकडे जेवावे, हे सूत्र आम्ही तेथेच शिकलो. माटुंग्याच्या आसपासच्या महाविद्यालयांतील कितीतरी मुलांचे शिक्षण अशा बोर्डिंगांच्या भातावर झाले आहे.

उडुप्यांविषयी आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांस सांगितली पाहिजे. दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेली लहान मुले दिवसा या हॉटेलांतून टेबले पुसत आणि संध्याकाळी कानडी रात्रशाळांत शिकत. त्यांतून पुढे कित्येक जण शिकून मोठे झाले, कित्येकांनी स्वतःची हॉटेले काढली. आपल्याकडील मुलास टेबल पुसण्याची लाज वाटते आणि त्याच टेबलावर बसण्याची भीती वाटते! हे आम्ही रागाने बोलत नाही, आम्हीही त्यांतलेच.

भीतीवर उपाय एकच, तो म्हणजे बसण्यापूर्वी विचारणे. ‘राइस प्लेट कितीला? तीत काय काय येते? चपाती वर मागितली तर पैसे पडतात का?’ हे तीन प्रश्न उभ्याउभ्या विचारावे. विचारण्यात काडीइतकाही कमीपणा नाही. रोजचे गिऱ्हाईकही दर वाढला की विचारतेच. ‘लिमिटेड’ म्हणजे मोजके व ‘अनलिमिटेड’ म्हणजे पोटभर, एवढे इंग्रजी पुरे. बसताच वाढपी ‘बिसलेरी या सादा?’ असे विचारतो. त्या वेळी संकोचाने मान डोलावू नये. ‘साधे’ असे स्पष्ट सांगावे. पापड, दही, ताक टेबलावर आले म्हणजे ते ताटातलेच आहेत असे समजू नये. आमची छत्री त्यातच गेली होती. पुष्कळ हॉटेलांत वरच्या मजल्यावर वातानुकूलित दालन असते, तेथे त्याच जेवणाचा दर निराळा असतो. जिना दिसला तरी चढू नये.

स्वच्छतेबद्दल मात्र काटकसर करू नये. वाढणाऱ्याची नखे, पाण्याच्या पेल्याचा काठ, आणि टेबल पुसण्याचे फडके या तीन गोष्टी पाहण्यास पैसे पडत नाहीत. तेलाचा जुना वास दारातच येतो. आला तर मागे फिरावे. १९८४ च्या पावसाळ्यात आळस करून आम्ही असा वास येणाऱ्या ठिकाणी चार दिवस जेवलो आणि काविळीने दीड महिना अंथरुणावर होतो. वर्गातील मुले खोलीवर पपई घेऊन येत.

वडापावाविरुद्ध आम्ही बोललो, असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो दूर करतो. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वड्याला पावाची जोड दिली, असे मानतात. त्यांचे या शहरावर उपकारच आहेत. परंतु तो मधल्या वेळेचा आधार आहे. त्यावर सोळाशे मीटर धावता येत नाही. दादरच्या प्रकाश उपाहार केंद्रातील थालीपीठ वा मिसळ हीदेखील उत्तमच, मात्र तेथेही आम्ही जेवणासाठी जात नाही.

सरकारनेही या प्रश्नात वेळोवेळी लक्ष घातले आहे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली; पुढे बहुतेक केंद्रांतून झुणका-भाकर नाहीशी झाली आणि तेथे इतर पदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण व भात असे तिचे स्वरूप होते. योजना येतात आणि जातात. त्यांवर अधिक भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे.

आता परळचा प्रश्न. आमच्या मते हाच या सर्व विषयाचा गाभा आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, के. ई. एम. १९२६ साली. आपल्या ज्ञातीतील किती कुटुंबे दर वर्षी तेथे येतात, हे या सभागृहातील पुष्कळांस अनुभवाने माहीत आहे. रुग्णास रुग्णालयात अन्न मिळते. त्याच्या सोबत आलेली पत्नी किंवा म्हातारा बाप काय खातो, हे कोणी पाहत नाही. महिनोन् महिने उपचार चालतात, पैसा औषधास लागतो, म्हणून प्रथम काट बसते ती सोबत्याच्या जेवणास. आमच्या चुलतबंधूच्या आजारपणात वहिनी तेथे चार महिने होत्या. आम्ही भेटावयास गेलो की ‘जेवले हो भावजी’ असे म्हणत. चौथ्या महिन्यात त्याच तेथे चक्कर येऊन पडल्या, आणि तेव्हा कळले की त्या दिवसाकाठी एकदाच, तेही रुग्णाच्या ताटात उरेल ते खात होत्या. आम्ही त्याच शहरात, बसने वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होतो, आणि ‘जेवले’ हा शब्द खरा मानून घरी येत होतो. पाच मिनिटांवरच्या गल्लीत स्वस्त पोळीभाजी केंद्र होते. ते आम्हांस माहीत होते, त्यांस नव्हते. आम्ही सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते.

त्या परिसरात काही संस्था व दानशूर मंडळी रुग्णांच्या नातेवाइकांस विनामूल्य जेवण देतात. दादरच्या गुरुद्वारात लंगर असतो; डोक्यावर रुमाल बांधून, पादत्राणे काढून कोणीही पंगतीस बसावे, कोणी नाव-गाव विचारीत नाही. आपली माणसे तेथे जाण्यास लाजतात. ‘आपण काय भिकारी आहोत का?’ असे एका सद्गृहस्थांनी आम्हांस सुनावले होते. आम्ही स्वतः तेथे जेवलो आहोत, आणि जेवण झाल्यावर इतरांबरोबर भांडी घासली आहेत. ज्यास फुकट जेवण्याचा संकोच वाटतो, त्याने तसे करावे.

आता मंडळाकडे एक मागणी आहे. आपल्या स्मरणिकेत दर वर्षी जाहिरातींची पुष्कळ पाने असतात. त्यांवाचून स्मरणिका निघत नाही हे आम्ही जाणतो. त्यांतच एक पान विनामूल्य ठेवावे आणि त्यावर परगावच्या माणसास उपयोगी पडतील अशी जेवणाची ठिकाणे छापावी. नाव, गल्ली, स्थानकापासून चालण्याची मिनिटे, राइस प्लेटचा दर व सुट्टीचा वार एवढेच लिहावे. कौतुक नको. दर वर्षी दर तपासून पान नवे करावे, कारण जुना दर छापणे म्हणजे कोणाची तरी छत्री गहाण टाकणेच आहे. तपासण्याचे काम आम्ही करू. मासिक पास आहे आणि वेळही आहे.

तो मुलगा पुढल्या भरतीस पुन्हा आला. या खेपेस आमच्या घरी उतरला. आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्यास मुद्दाम एकट्यास बाहेर जेवावयास पाठविले आणि गल्लीच्या टोकाशी उभे राहिलो. तो दारात थांबला, आतील वाढप्याशी काहीतरी बोलला, मग आत गेला. बाहेर आल्यावर आम्हांस म्हणाला, ‘चपाती दोनच येतात गुरुजी. तिसरीला पैसे पडतात. मी विचारूनच बसलो.’

आम्ही एक वही सोबत आणली आहे. परळ, दादर, मुंबई सेंट्रल आणि फोर्ट यांची पाने बहुतेक भरली आहेत. ठाणे येथील चारच नोंदी आहेत, आणि नव्या मुंबईचे पान अद्याप कोरे आहे. तेथे राहणारे आपले पुष्कळ बंधू आज उपस्थित आहेत. ज्या ठिकाणी आपण स्वतः तीन वेळांहून अधिक जेवला असाल, तेवढ्याच ठिकाणाचे नाव द्यावे. पंगत बसण्यास अजून अर्धा तास आहे. आम्ही दाराशी उजव्या हातास बसतो.